हेझलकोटांची चौकशी

पोरगी बारावी झाली म्हणून मी शेजारच्या डाखोळेकाकांकडे पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी दारातच हात आडवा केला.

"आत नको येऊ गा अनिलभाऊ. सुतक आहे."

काका एकटे. काकू जाऊन कित्येक वर्षं झाली, एकुलती एक मुलगी प्राजक्ता तिकडे इंग्लंडात. मी पेढ्यांचा डबा हळूच पाठीमागे नेला.

"कोण गेलं काका?"

"वॉल्टर."

"कोण वॉल्टर?"

"प्राजूच्या सासरचे. थोरल्या पातीतले."

"अरेरे! केव्हा?"

काकांनी छताकडे बघून हिशेब केला. "चारशे वर्षं तं झालेच असतीन."

मी डबा पुन्हा पुढे आणला. "अहो, मग सुतक आज कशाचं?"

"मले आज सकाळी समजलं ना! सुतक समजल्यापासून लागते, मेल्यापासून नाही. शास्त्र आहे, लेका."

चडफडत घरी आलो. आमच्या हिला, म्हणजे सुनीताला, सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. पण ती माहेरची भटजीबुवांच्या घरातली. पोळी लाटता लाटता गंभीरपणे म्हणाली, "वर्ष उलटल्यावर कळलं तर नुसती आंघोळ पुरते. सांगा त्यांना." पुन्हा गेलो, सांगितलं. काका "असं काय?" म्हणून न्हाणीघरात शिरले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या डोक्यानं बाहेर येऊन चार पेढे खाल्ले. वॉल्टरचा विषय तेवढ्यावर मिटला.

काका मोजणी खात्यात होते. जन्मभर साखळी ओढत उमरेडपासून काटोलपर्यंत लोकांची वावरं मोजली. "या जिल्ह्यात दोन भाऊ भांडले अन् मी मधात उभा नव्हतो, असा धुरा दाखव मले," असं ते अभिमानानं सांगतात. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यावरून आमच्या विदर्भात जेवढी डोकी फुटली तेवढी दुसऱ्या कशावरून फुटली नसतील. असा माणूस रिटायर झाल्यावर बागेत फिरेल, भजनात जाईल, निदान जावयाला नावं ठेवील. काकांनी जावयाचं घराणं मोजायला घेतलं.

त्याचं झालं असं. प्राजू इथं नर्सिंग शिकली आणि तिकडच्या एका इस्पितळात नोकरीला लागली. एक दिवस फोनवर म्हणाली, बाबा, मी पीटर हेझलकोट नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. काकांनी मुलगा कसा, दिसतो कसा, कमावतो काय, काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "घराणं?"

ती म्हणाली, "शेतकरी आहेत बाबा. फार जुने. तिकडे योमन म्हणतात."

काकांनी कोणाकोणाला विचारून त्या शब्दाचा माग काढला आणि त्यांना केवढं बरं वाटलं! "योमन म्हणजे समजलं का तुले? आपला कास्तकार. जहागीरदार नाही अन् मजूरबी नाही. सोताचं वावर, सोताचे बैल, सोताची अक्कड." मग त्यांनी प्राजूला कळवलं, ठीक आहे, चौकशी करतो. घराणं पाहिल्याबिगर डाखोळे पोरगी देत नसते.

प्राजू थांबली. चांगली दोन-अडीच वर्षं थांबली बिचारी. चौकशी काही संपेना. शेवटी तिनं लग्न करून टाकलं. काका गेले नाहीत. नाही म्हणाले असंही नाही. कोणी विचारलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "चौकशी चालू आहे." अहो, लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी चालू! सुनीता म्हणते, याला म्हणतात वरातीमागून घोडं. मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं, "काका, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात." तर म्हणाले, "मी मोजणीवाला आहे, गा. नद्यांचे मूळबी पायले मी. डबकं असते. पण पायलं पाहिजे."

आपल्याकडे सोयरिकीची चौकशी करायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. बैल घ्यायला आलो असं सांगून त्या गावात शिरायचं, पानठेल्यावर बसायचं आणि खर्रा चघळत विषय काढायचा. पानठेलेवाला जे सांगेल ते खरं. काकांची अडचण एवढीच होती की हेझलकोटांच्या गावी पानठेला नव्हता. होतं एक चर्च आणि त्या चर्चची जुनी दफ्तरं सांभाळणाऱ्या बार्बराबाई. काकांनी त्यांना इंटरनेटवरून गाठलं आणि पानठेल्याचं सगळं काम त्या म्हाताऱ्या बाईवर सोपवलं.

बाई मोठी सोशिक. काकांनी विचारलं, या घराण्याचं कुलदैवत कोणतं? तिनं कळवलं, चर्च सेंट निकोलसचं आहे. काकांनी घेतलं लिहून, कुलदैवत निकोलस. मग विचारलं, गोत्र? तिनं पुष्कळ विचार करून उत्तर दिलं की असं काही आमच्या बघण्यात नाही. आपल्याकडे गोत्र माहीत नसलं की कश्यप धरायचं, हा नियम. काकांनी धरलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी माझ्याकडे आले ते घाम पुसत.

"घोटाळा झाला, गा. आमचंबी कश्यपच!"

"मग?"

"मग काय मग? सगोत्र झालं ना!"

म्हणजे बघा, मुलगा गोरा, धर्म वेगळा, देश वेगळा, मध्ये समुद्र, आणि यांना काळजी की बहीणभाऊ लागतात! आठवडाभर माणूस नीट जेवला नाही. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "काका, त्यांचं भारद्वाज लावा आणि मोकळे व्हा." त्यांनी माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं, जसा काही मी ऋषीच आहे. तेव्हापासून इंग्लंडातले सगळे हेझलकोट भारद्वाज गोत्राचे आहेत. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

पुढे पुढे मलाही त्याची गोडी लागली, हे खोटं कशाला बोलू? मे महिन्यातल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन पडायचो. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला, एक कुत्रं दिसत नाही. आत कूलरची घरघर, ओल्या खसाचा वास, आणि काका पडल्या पडल्या छताकडे बघत बोलत असायचे.

"आता बघ अनिलभाऊ, हेझलकोटांच्या रिचर्डचं घर गावाच्या खालच्या अंगाले. समोर वढा. सकाळी असं धुकं राहते की गोठ्यातली गाय दिसत नाही, नुसतं तिचं रवंथ ऐकू येते. रिचर्डची बायको, ॲलिस, बादली घेऊन जाऊन राहिली. पायात लाकडाचे जोडे आहेत. चिखलात फसतात, मग बोलते थे नवऱ्याले."

"काय बोलते?"

"काय बोलीन? फरशी घाल म्हणते. सगळ्या बायका तेच म्हणतात."

हे सगळं चर्चच्या दफ्तरात थोडंच असतं? दफ्तरात असतं अमक्याचा बाप्तिस्मा, तमकीचं लग्न, ढमका पुरला. बाकीचं हे माणूस भरायचं. पण काय भरायचं! मला गुंगी यायची आणि त्या गुंगीत खरोखर पायाला ओलं गवत लागायचं. मेंढ्यांच्या अंगाचा वास यायचा. कुठं तरी कुंपणापलीकडे कोणी कोणाला हाक मारायचं. एकदा तर बाहेर पंचेचाळीस डिग्री तापलेलं आणि मी काकांना म्हटलं, "चादर द्या हो, थंडी वाजते." काकांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. उठून चादर दिली आणि म्हणाले, "तिकडं हवाच तशी आहे."

त्यांचा सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणजे वॉल्टरचा धुरा सापडला तो. बार्बराबाईंनी गावच्या जुन्या निवाड्यातून शोधून कळवलं, की वॉल्टर हेझलकोटनं शेजाऱ्याच्या जमिनीत बांध सरकवला म्हणून त्याला दंड झाला होता. काका धावत माझ्या फाटकात.

"सरकवला! लेकानं धुरा सरकवला!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आपलाच माणूस निघाला, गा!" मग आवाज खाली आणला. "पण अनिलभाऊ, हा घराण्याले डाग तं नाही ना?"

"काका, जन्मभर मोजणी केली तुम्ही. ज्यानं धुरा सरकवला नाही असं एक घराणं सांगा."

त्यांनी खूप आठवून पाहिलं. "नाही सापडत," म्हणाले आणि समाधानानं घरी गेले.

सुनीतानं मात्र त्यांना एकदा चांगलंच पेचात पकडलं. म्हणाली, "काका, वॉल्टरसाठी तुम्ही आंघोळ केली. परक्याचं सुतक कोणी धरत नाही. म्हणजे सोयरीक मान्य झाली की नाही तुम्हाला?"

काका चपापले. मग म्हणाले, "चौकशी चालू असताना केलेली आंघोळ धरत नाहीत वं पोरी."

आम्ही हसलो. पण प्राजूला हसू येत नसणार. तिचा दर रविवारी दुपारी फोन यायचा, तिकडे तेव्हा सकाळ. सुरुवातीचं जेवणखाण, हवापाणी झालं की काका हेझलकोटांवर घसरायचे. पीटरच्या आजोबांची आई कुठल्या गावची? सासऱ्यांना विचार. ती बिचारी विचारून सांगायची. मागून तो पीटर मोठ्यानं ओरडायचा, "काय गा बाबा!" एवढं एकच वाक्य त्याला येतं. काका त्याला "हाव, हाव" म्हणून ओ द्यायचे, पण जावई कधी म्हणाले नाहीत. आणि प्राजू कशी आहे, हेही कधी विचारायचे नाहीत. माझ्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

या वर्षी प्राजूला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं. "बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मला तिकडे येता येत नाही, डॉक्टर नको म्हणतात. आई असती तर तीच आली असती. आता तुम्ही या. तिकीट मी काढते. आणि येताना एकदा हो म्हणून या. माझ्या बाळाच्या घराण्याची चौकशी चालू आहे, असं मी त्याला सांगू का?"

काका म्हणाले, "येतो ना वं. मूळ पुरुष सापडला की येतो."

"आणि नाही सापडला तर?"

काका तिकडच्या हवेचं विचारायला लागले. तिनं फोन ठेवला.

त्यानंतरच्या शुक्रवारी बार्बराबाईंचं उत्तर आलं. वॉल्टरच्या मागे त्यांना एकच नाव सापडलं होतं. जॉन, हेझलच्या झाडांजवळच्या झोपडीत राहणारा. त्याच्यामागे काही नाही. त्याआधीची दफ्तरंच नाहीत, आणि आता सापडणारही नाहीत, असं त्यांनी फार हळुवारपणे लिहिलं होतं. मी तर आनंदानं टाळीच वाजवली.

"सापडला मूळ पुरुष! झाली चौकशी! काका, आता बॅग भरा."

काका कॉटवर बसून होते. चेहरा उतरलेला. "जॉनचा बाप कोण?" म्हणाले. "अर्धवट आहे, गा. असं कसं हो म्हणू?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी काही शांत स्वभावाचा माणूस नाही. म्हटलं, "काका, पुरे झालं आता! पाचशे वर्षांचं घराणं उकरलंत तुम्ही. तुमच्या आजोबांच्या बापाचं नाव तरी ठाऊक आहे का तुम्हाला? पोरगी तिकडे पोट घेऊन वाट बघते आहे. मेलेल्यांची एवढी काळजी आणि जिवंत लेकीला एक शब्द देता येत नाही? नाही जायचं तर सरळ नाही म्हणा!"

मला वाटलं आता चिडतील. नाही चिडले. उठून कूलर बंद केला आणि म्हणाले, "कुसुमची चौकशी मीच केली होती."

कुसुम म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती हयात नाही, एवढंच मला माहीत होतं.

"मी मोजणीत नवाच लागलो होतो. बाबाले ऐकू कमी ये, म्हणून मले पाठवलं. तू सरकारी माणूस, तुले समजते म्हणे. गेलो. काय थाट होता, गा! संत्र्याचा बगीचा, दोन विहिरी, बैल असे का अंगावर माशी बसली तं घसरीन. मी सगळं पायलं. पाणी पायलं, जमीन पायली, गावात चार लोकांले इचारलं. वरून पुरणपोळी जेवलो. घरी येऊन बाबाले म्हटलं, घराणं चांगलं आहे."

त्यांनी जवळच्या तांब्यातलं दोन घोट पाणी घेतलं.

"थोरली सून होती त्या घरात. पाण्याचा गडवा ठेवाले आली. खालीच पाहे. गडवा ठेवताना हात थरथरून राहिला होता तिचा. मी पायला तो हात, अनिलभाऊ. पायला मी! पण इचारलं नाही. सून माणसाले कोण इचारते? मी सासऱ्याले इचारलं, दिराले इचारलं, पाटलाले इचारलं. दीड वर्षात आमची कुसुम विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे."

गळ्यातल्या पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं.

"आता तूच सांग. घराणं चांगलं आहे, हे मी पुन्हा कोणत्या तोंडानं म्हणू? म्हटलं अन् पोरीले काही झालं तं? म्हणून मागं मागं जाऊन राहिलो. कुठं तरी सापडीन खोट, कुठं तरी सापडीन. नाही सापडून राहिली, त्याचंच भेव वाटते मले. तिथंबी सापडली नव्हती."

मला माझ्या बोलण्याची अशी लाज वाटली की काय सांगू. इतकी वर्षं ज्याच्या वेडाला आम्ही हसलो ते वेड नव्हतंच, भीती होती. हा माणूस पाचशे वर्षं पायी तुडवत लेकीभोवती पहारा करत होता. मी उठून चहा केला.

रविवारी मी मुद्दाम गेलो. दुपारी प्राजूचा फोन आला. ती दमलेली दिसत होती, उशीला टेकून बसली होती. मागून पीटर ओरडला, "काय गा बाबा!" काका नेहमीसारखं हाव हाव म्हणाले नाहीत. नुसते स्क्रीनकडे बघत होते.

"मूळ पुरुष सापडला का?" प्राजूनं विचारलं. आवाजात थोडा राग होताच.

"जॉनपर्यंत गेलो. त्याच्यामागं नाही जाता येत."

"मग? आता कोणाला विचारायचं राहिलं?"

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"एका माणसाले इचाराचं राहिलं वं," ते म्हणाले. "तू त्या घरची सून. पोरी, तूच सांग. घराणं कसं आहे?"

मला वाटलं फोन अडकला. मग दिसलं की प्राजूनं तोंडावर हात धरला आहे. "बाबा," ती म्हणाली, "पाच वर्षांत पहिल्यांदा विचारलं तुम्ही."

"हाव. चुकलंच माहं. आता सांग."

"चांगलं आहे बाबा. खरंच चांगलं आहे." ती रडत होती आणि हसतही होती. "पीटर आळशी आहे. भांडतो. पण आवाज चढवत नाही कधी. सासूबाई मी रात्रपाळीवरून आले की माझ्यासाठी वरणभात झाकून ठेवतात. पुस्तकात बघून करतात. इतकं पांचट असतं ते वरण, बाबा! मी काही बोलत नाही, खाते."

"मीठ असते का बराबर?"

"नसतं!"

काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काढ तिकीट," ते म्हणाले. "मी येतो, तुह्या सासूले वरण शिकवतो. पण आता फोन नको ठेवू, माय. अजून सांग. सगळं सांग. मी ऐकून राहिलो."